शंभरपैकी चौऱ्याण्णव गोगलगायी

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी भिंगरीचा नमस्कार पोचावा.

(तीर्थरूप फक्त आईवडिलांना, बाकीच्या वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, असं इथल्या बाईंनी मला आत्ताच खडसावून सांगितलं. मी आजवर तुम्हाला नुसतं 'अहो मामा' लिहीत आलो त्याची माफी असावी. तशी आजवर पत्रं दोनच लिहिली, तेव्हा अपराध फार मोठा नाही.)

तुमची तब्येत कशी आहे? खांद्याचं दुखणं थांबलं का? मामीचं पत्र मिळालं. तिनं लिहिलंय की घड्याळं दुरुस्त करताना डोळ्याला लावायचं तुमचं ते काळं भिंग अजून सापडलेलं नाही, तुम्ही दुकान दोनदा झाडून काढलंत, टेबलाखालची फळीसुद्धा उचकटून पाहिलीत, आणि शेवटी संशय शेजारच्या शिंपीकाकांवर जाऊन आता तुमचं दोघांचं बोलणं बंद आहे. वाचून फार वाईट वाटलं. वीस वर्षं दुपारचा चहा एका किटलीतून पिणारी माणसं तुम्ही. भिंगाबद्दल मला काय वाटतं ते मी लिहिणारच आहे, पण आधी माझी हकिकत ऐका, कारण ती ऐकल्याशिवाय तुम्ही ते शांतपणे वाचाल असं मला वाटत नाही.

तर पहिली गोष्ट अशी की दोन महिन्यांपूर्वी तुम्ही ज्या छापखान्यात मला चिकटवायला बसमध्ये बसवून दिलंत, त्या छापखान्यात मी पोचलोच नाही. (मागच्या पत्रात 'काम बरं चाललं आहे' असं मी लिहिलं होतं, ते खरंच होतं. पत्ताही इथलाच दिला होता. कुठलं काम, हे तुम्ही विचारलं नव्हतं.) झालं असं की बस एका चढणीवर धापा टाकत थांबली. ड्रायव्हर इंजिनात पाणी ओतायला उतरला. मी खिडकीतून पाहतो तर रस्त्यावरून एक दोरी चालत निघाली होती. दोरी चालत नाही एवढं मला शाळा अर्धवट सोडूनही माहीत होतं, म्हणून खाली उतरलो. तर ते सुरवंट! एकाच्या शेपटाला दुसऱ्याचं डोकं, अशी या कडेपासून त्या कडेपर्यंत रांग, आणि रस्त्याच्या मधोमध एक सत्तरीच्या बाई छत्री आडवी धरून दुधाचा ट्रक अडवून उभ्या. ट्रकवाला ओरडत होता, "ओ आजी, बाजूला व्हा की!" बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "आजी तुझ्या घरी. सदुसष्ट, अडुसष्ट... बोलू नकोस, चुकेन मी." मग मला म्हणाल्या, "तू रे, बघत काय उभा राहिलास? त्या टोकाला जा आणि शेवटचा कुठला ते सांग." मी गेलो. एकशे बारा निघाले. तोवर बस निघून गेली होती. पिशवी खांद्याला होती हे नशीब. तुमचं शिफारसपत्र मात्र सीटवर राहिलं, ते बिचारं शेवटच्या थांब्यापर्यंत एकटंच नोकरीला गेलं.

सुरवंट पार झाल्यावर बाईंनी छत्री मिटली आणि माझ्या शर्टाच्या बटणाला नाक लागेल इतक्या जवळ येऊन मला न्याहाळलं. (मला वाटलं, यांची पद्धतच असेल.) म्हणाल्या, "एका जागी बसता येतं का रे?" म्हटलं, नाही. "वाकता येतं?" म्हटलं, हो. "मोजता किती येतं?" म्हटलं, शंभरपर्यंत अडखळत नाही, पुढे लक्ष उडतं. "शंभर पुरे," म्हणाल्या, आणि चालू लागल्या. मामा, आजवर जिथे जिथे काम मागायला गेलो तिथे पहिला प्रश्न बसण्याचाच निघायचा आणि माझं उत्तर ऐकून दार लागायचं. बेकरीत एकोणीस दिवस, लाकडाच्या वखारीत सहा आठवडे, तुमच्याकडे चार महिने (आणि ते तुमच्या मोठ्या मनामुळे, माझ्या बुडामुळे नव्हे). इथे पहिल्यांदाच उत्तर ऐकून दार उघडलं.

बाईंनी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. आता निवृत्त आहेत, पण तसं कुणी त्यांना सांगितलेलं दिसत नाही. शाळेची जुनी घंटा स्वयंपाकघरात टांगलेली आहे, ती वाजली की चहा. ओट्यावर मुरंब्याच्या रिकाम्या बरण्या आणि काड्यापेट्या ओळीनं मांडलेल्या, पैकी डाव्या रांगेत भुंगे आणि उजव्या रांगेत खरोखरच काड्या. (पहिल्या दिवशी शेगडी पेटवायला गेलो आणि हातात एक शिंगवाला भुंगा आला. आम्ही दोघंही दचकलो. तो मेलेला होता तरी.) मला झोपायला मागची कोठी दिली आहे, कुंड्या आणि खुरप्यांची. तिच्या कुलपाच्या भोकात एका कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलंय, त्यामुळे कुलूप लावायचं नाही, दार आपटायचं नाही आणि भोकासमोर उभं राहून तिचा उजेड अडवायचा नाही, असे तीन नियम बाईंनी लिहून दारावर चिकटवले आहेत. माझ्यासाठी नियम एकच: चहाला वेळेवर ये. म्हणजे या घरात माशीचा मान माझ्यापेक्षा तिप्पट आहे हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं.

मी मूळ गोष्टीपासून लांब गेलो. गोष्ट भिंतीची आहे. बाईंच्या परसाला लागून एक जुनी दगडी भिंत आहे, नुसते दगडावर दगड रचलेली, एकशेवीस पावलं लांब. अलीकडे गवत, पलीकडे रस्ता. त्या भिंतीच्या फटींत गोगलगायी राहतात, आणि बाई गेली अकरा वर्षं दर साली याच दिवसांत त्या किती आहेत ते काढतात. का, असं मी विचारलं. म्हणाल्या, "कारण दुसरं कुणी काढत नाही." पहिली नऊ वर्षं आकडा सहाशे ते नऊशेच्या मधे हलला. दहाव्या वर्षी एकदम चौदाशे, आणि गेल्या साली दोन हजार. बाई ते पान दाखवताना अशा हसल्या की मला वाटलं, गोगलगायींना पहिला नंबर मिळालाय. यंदा 'गुडघे साथ देत नाहीत' म्हणून त्यांना वाकणारा माणूस हवा होता.

पहिल्या दिवसाचं काम सोपं. शंभर गोगलगायी गोळा करायच्या, प्रत्येकीच्या शंखावर नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायचा, वाळू द्यायचा आणि होती तिथे सोडायची. पांढरं नेलपॉलिश आणायला मला दुकानात पाठवलं. ते संपलं होतं म्हणून मी लाल आणलं. (दुकानदारीणबाई म्हणाल्या, कुणासाठी? म्हटलं, शंभरजणींसाठी. त्यांनी बाटली जरा लांबूनच सरकवली.) आता, मामा, एका गोगलगायीला ठिपका देणं म्हणजे तिच्यासमोर पाच मिनिटं बसणं. ती आधी आत जाते. मग वाट बघायची. मग एक शिंग बाहेर येतं, मग दुसरं, शिंगांच्या टोकाला काळे डोळे, आणि खाली आणखी दोन आखूड शिंगं, वास घ्यायला. ती तुमच्याकडे एका डोळ्यानं बघते आणि दुसऱ्यानं पळायची वाट शोधते. एवढ्या ओळखीनंतर नुसता एक ठिपका देऊन वाटेला लावणं मला बरं वाटेना. म्हणून काहींना मी दोन दिले, काहींना तीन, आणि नावंही देऊन टाकली. शिंगं उडवत सगळ्यांच्या पुढे धावणारी (गोगलगायीच्या मानानं) ती मोठी मावशी. दुसरीच्या पाठीवर बसून फिरणारा तो धाकटा काका. आणि एक जाडजूड, तीन ठिपक्यांचा, एकदा बसला की हलायचं नाव नाही, हात लावला की 'हूं' केल्यासारखा फेस काढणारा. त्याचं नाव मी प्रेमानं 'मामा' ठेवलं. राग मानू नका. बाई सांगतात, प्रत्येक गोगलगाय एकाच वेळी नरही असते आणि मादीही, तेव्हा त्यात मामीही आली.

आठ दिवसांनी दुसरी फेरी. त्या फेरीत काय करायचं ते बाईंनी मला सविस्तर समजावलं, असं बाईंचं म्हणणं. मी सांगतो काय घडलं. सकाळी मी पाण्याच्या टाकीवर बसलेला चतुर बघत थांबलो होतो (तो एकाच काडीवर परत परत येऊन बसतो, मी अकरा वेळा मोजलं), म्हणून घंटेला जायला उशीर झाला. दारात पोचलो तर आत बाई पाठमोऱ्या उभ्या राहून बोलत होत्या. खिडकीजवळच्या खुंटीवर त्यांचा हिरवा रेनकोट टांगलेला असतो, त्याच्याकडे बोट करून, अगदी फळ्यासमोर उभं राहावं तशा समजावत होत्या. मध्ये बोलणं बरं दिसेना म्हणून मी उभा राहिलो. रेनकोट शाळेत मी जितकं लक्ष देत असे त्याहून जास्त देत होता. मला फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं: "...म्हणजे ठिपकेवाल्या किती सापडतात, त्यावर सगळं अवलंबून आहे. समजलं?" मी दारातून म्हटलं, समजलं. बाई वळल्या आणि म्हणाल्या, "शहाणा आहेस." मला वाटलं, म्हातारपणी माणूस स्वतःशी बोलतो, ह्या रेनकोटाशी बोलतात, एवढंच.

मामा, सगळं ठिपकेवाल्यांवर अवलंबून आहे म्हटल्यावर मी काय करणार? मी जिवाचं रान केलं. पहाटेपासून दुपारपर्यंत दगड न् दगड तपासला. बिनठिपक्याच्या ढिगानं भेटल्या, त्यांना बाजूला सारत गेलो. ओळख ना देख, त्यांना कशाला उचलायचं? मोठी मावशी सापडली, धाकटा काका सापडला (पाठीवरच). शंभरपैकी चौऱ्याण्णव! बादली भरायला वर सहा बिनठिपक्याच्या टाकल्या. 'मामा' काही मिळाला नाही आणि आणखी पाचजण गैरहजर. तुम्हाला आठवत असेल, मला शाळेत गणितात सर्वांत जास्त गुण पडले होते ते एकतीस, आणि तेव्हाही बाबांनी तपासून घेतलं होतं. मी बादली ओट्यावर ठेवली आणि छाती फुगवून सांगितलं, "बाई, चौऱ्याण्णव!"

बाईंनी पेन्सिलीनं एक भागाकार केला. मग पुन्हा केला. मग खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "एकशेसहा." मी म्हटलं, नाही बाई, चौऱ्याण्णव. "अख्ख्या भिंतीत एकशेसहा उरल्या," त्या म्हणाल्या, "गेल्या साली दोन हजार होत्या. मारल्या मी." आणि चहा तसाच ठेवून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. बादलीतल्या सगळ्यांना मीच परत भिंतीत सोडून आलो.

त्यांनी मारल्या म्हणजे काय, तर यंदाच एक दगड निसटून पोस्टमनच्या सायकलवर पडला होता, म्हणून बाईंनी गवंडीकाकांना बोलावून रस्त्याच्या बाजूनं भिंतीच्या फटी सिमेंटनं बुजवून घेतल्या होत्या. फटी गेल्या, गोगलगायी गेल्या, असा हिशेब. गवंडीकाका म्हणजे शेजारीच राहणारा पन्नाशीचा धिप्पाड माणूस, बाईंचा जुना विद्यार्थी. त्यांनी त्याला गणितात तीनदा नापास केलेलं आहे आणि तो अजून त्यांच्यासमोर बिडी मागे लपवतो. बाई त्याला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "तुझी चूक नाही रे, मीच सांगितलं होतं." झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी तो छिन्नी-हातोडा घेऊन हजर, आणि स्वतःच भरलेलं सिमेंट स्वतःच फोडायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं. तीन दिवस तो फोडत होता आणि मी घमेल्यातून मलबा वाहत होतो. बाई बाहेर आल्या नाहीत. घंटा वाजली नाही. माशीसुद्धा गप्प वाटायला लागली.

तिसऱ्या दिवशी गवंडीकाकांनी एक दगड अख्खा बाहेर काढला आणि आत वाकून म्हणाले, "ए भिंगऱ्या, इकडं ये. ह्या कोण?" आतल्या अंगाला, जिथे सिमेंट पोचलंच नव्हतं, तिथे गोगलगायी एकीला एक चिकटून बसल्या होत्या, थिएटरात बसावं तशा. मी म्हटलं, त्या होय, त्या आहेतच, पण त्या धरायच्या नाहीत. "का?" म्हटलं, ठिपका नाही ना. गवंडीकाकांनी छिन्नी खाली ठेवली. "म्हणजे तू बादलीत निवडून निवडून ठिपकेवाल्याच भरल्यास?" म्हटलं, मग! चौऱ्याण्णव!

ते उठले. मग मला खडीच्या ढिगापाशी नेलं. म्हणाले, "ह्या ढिगात खडे किती, मला माहीत नाही. समज, शंभर खडे रंगवून आत टाकले आणि फावड्यानं ढीग उलटापालटा केला. आता डोळे मिटून शंभर उचलले. त्यात रंगीत पाचच निघाले, तर ढीग केवढा?" म्हटलं, मोठा. "आणि चौऱ्याण्णव निघाले तर?" म्हटलं, मग ढीग कसला, सगळे रंगीतच म्हणायचे. "आणि मी डोळे उघडे ठेवून रंगीतच वेचले तर?" मामा, माझ्या हातातलं घमेलं खाली पडलं, माझ्याच पायावर. गवंडीकाका म्हणाले, "ह्याच गणितात बाईंनी मला तीनदा झोपवलं. चौथ्यांदा डोक्यात शिरलं तेव्हा शाळा सुटली होती." मग भिंतीच्या उघड्या पडलेल्या पंधरा पावलांकडे बघत म्हणाले, "जा, सांग त्यांना. मी इथंच आहे."

मी गेलो, पण बाईंकडे नाही. तुम्ही मला ओळखता. माझी पिशवी भरायला वेळ लागत नाही, कारण मी ती कधी रिकामी करतच नाही. कोठीबाहेर त्या दगडी भिंतीच्या फटीतल्या खिळ्याला टांगलेली असते ती उचलली आणि मागच्या वाटेनं बसथांबा गाठला. मनाशी म्हटलं, छापखान्यात अजून जागा असेल. (तेव्हाही मनात बाईंचा न घेतलेला चहाच दिसत होता. कप तसाच, वर साय.) बस चढण चढताना दिसायला लागली तसं मी पिशवी मांडीवर घेतली, तर तिच्या बुडाला हाताला काहीतरी गार लागलं. उलटी करून पाहतो तर तीन लाल ठिपके. मामा! अहो, भिंतीत तुम्हाला शोधून शोधून माझी कंबर मोडली आणि तुम्ही माझ्याच पिशवीला चिकटून आरामात बसला होतात! आता तुम्हाला थांब्यावर सोडावं तर धूळ आणि चाकं. बरोबर न्यावं तर बाईंच्या भिंतीतली एक कमी, आणि आधीच मी अठराशेचौऱ्याण्णव मारून ठेवल्या होत्या. बस थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "चढतोस का?" म्हटलं, मामांना घरी सोडून येतो. तो मामांना शोधत इकडेतिकडे बघत राहिला आणि मी परत फिरलो.

'मामा'ला भिंतीत ठेवलं आणि इकडेतिकडे न बघता थेट स्वयंपाकघरात शिरलो, म्हणजे मध्ये दुसरं काही दिसायला नको. बाईंना म्हटलं, गोगलगायी मेल्या नाहीत, मी ठिपकेवाल्या निवडून आणल्या, चूक माझी, गवंडीकाकांची नाही, तुमची तर नाहीच. बाईंनी डोळे मिटले. मग मास्तरीण जागी झाली. "अरे, पण मी तुला दहा मिनिटं नीट समजावलं होतं! जी पहिली हाताला येईल ती उचल, निवडू नकोस, असं तीन वेळा बजावलं! इथेच उभा होतास तू, खिडकीजवळ, तो हिरवा रेनकोट घालून!"

मी गप्प बसलो. मामा, मी आयुष्यात पहिल्यांदा ठरवून गप्प बसलो. म्हटलं, शिव्या खाव्यात आणि विषय मिटवावा. पण बाई गणिताच्या. त्या थांबल्या. म्हणाल्या, "तुझ्याकडे रेनकोट आहे?" मी पायाकडे बघत राहिलो. त्या उठल्या, खिडकीशी गेल्या आणि त्या टांगलेल्या रेनकोटाची बाही हातात घेऊन दाबून पाहिली, आत हात आहे का बघावं तशी. मग तशाच उभ्या राहून म्हणाल्या, "गुडघे दुखत नाहीत माझे." मी म्हटलं, माहीत आहे बाई. (माहीत नव्हतं. त्या क्षणीच कळलं.) त्यांनी वही उघडली, नाक टेकवून गेल्या दोन सालांची पानं पाहिली आणि म्हणाल्या, "करड्या शंखावर पांढरा ठिपका. मला दिसलेच नसतील. जितके ठिपके कमी दिसले, तितक्या गोगलगायी वाढल्या." आणि मग, मामा, त्या हसल्या. "माझ्या डोळ्यांनी दोन हजार केल्या, तुझ्या मायेनं एकशेसहा. खऱ्या किती ते भिंतीलाच माहीत." चहाचा कप त्यांनी मोरीत ओतला आणि घंटा वाजवली, मी समोर उभा असताना.

दोन दिवसांनी ओलसर सकाळ मिळाली तेव्हा पुन्हा फेरी केली. उचलायचं काम गवंडीकाकांकडे. त्यांनी स्वतःच्या डोक्याचा फडका सोडून डोळ्यांवर बांधून घेतला ("मला ह्या गणितात चौथ्यांदा नापास व्हायचं नाही," म्हणाले) आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपडत, जी हाताला येईल ती उचलली. मला बादली धरायची, पण तोंड दुसरीकडे करून, असा हुकूम होता. ओळखीपाळखी निघतील म्हणून. आणि तपासायला टेबलाशी बाई, डोळ्याला भिंग लावून. (भिंग कुठलं, ते खाली येईल.) पहिली गोगलगाय हातात घेतल्यावर त्यांनी ती इतका वेळ फिरवून फिरवून पाहिली की मला वाटलं पुन्हा काहीतरी बिघडलं. मग हळूच म्हणाल्या, "हिच्या शिंगाच्या टोकाला डोळा आहे रे. दोन वर्षांत मी हा पाहिला नव्हता." शंभरात चौदा ठिपकेवाल्या निघाल्या. बाईंनी पेन्सिल गवंडीकाकांसमोर धरली. "शंभर गुणिले शंभर, दहा हजार. त्याला चौदानं भाग. तोंडी." तो धिप्पाड माणूस घामाघूम झाला. ओठ हलले, बोटं हलली, आणि शेवटी म्हणाला, "सातशेचौदा. बाकी चार." बाई म्हणाल्या, "पास." त्यानं पाठीमागची बिडी विझवली आणि डोळ्यांचा फडका पुन्हा डोळ्यांनाच लावला, यावेळी पुसायला.

मग बाईंनी वहीत सातशेचौदा लिहिलं, आणि आदल्या दोन सालांवर, चौदाशेवर आणि दोन हजारांवर, पट्टीनं सरळ रेघ मारून शेजारी लिहिलं: 'मोजणाऱ्याची नजर अधू. आकडे धरू नयेत.' ज्यांनी गवंडीकाकांना तीनदा नापास केलं त्यांनी स्वतःला दोनदा केलं. भिंत मी आणि गवंडीकाका परत रचतो आहोत, या वेळी बिनसिमेंटची. पोस्टमनला सांगितलंय, सायकल लांबून ने.

सगळ्यांना नमस्कार आणि आशीर्वाद ज्याचे त्याला वाटून द्यावेत. आईला मी जेवतो असं सांगा.

तुमचा,
भिंगरी

ता. क. छापखान्याच्या मालकांना सांगा, मी येत नाही. पुढल्या सालची मोजणी होईपर्यंत इथेच राहतो. मी एखाद्या ठिकाणी राहतो असं लिहायची ही माझी पहिलीच वेळ, तेव्हा अक्षर हललं असेल तर समजून घ्या.

ता. क. २. तुमचं भिंग माझ्याकडे आहे. म्हणजे बाईंच्या डोळ्याला आहे. मी चोरलं नाही, शपथ. निघायच्या सकाळी तुमच्या टेबलावरून मुंग्यांची एक रांग चालली होती, ती जवळून बघावी म्हणून भिंग उचललं. रांग दारातून बाहेर गेली, मग गटाराच्या कडेनं बसथांब्यापर्यंत, आणि तिथे बस आली. खिशात हात घातला तेव्हा तीन गावं मागे पडली होती. रोज ठरवत होतो की आज लिहीन. मग मामीचं पत्र आलं आणि त्यात शिंपीकाकांचं वाचलं तेव्हा मला गवंडीकाका छिन्नी घेऊन भिंतीशी दिसायला लागले.

ता. क. ३. एवढं मोठं पत्र मी खरं तर एवढ्याचसाठी लिहिलं: शिंपीकाकांनी भिंग घेतलेलं नाही. हे पत्र वाचून झालं की उठा आणि त्यांच्या दुकानात जा. चप्पल घातली नाहीत तरी चालेल, शेजारीच आहे. किटली घेऊन जा. भिंग मात्र लगेच परत मागू नका. तुम्ही म्हणाल, गोगलगाय आणि पोटात पाय. म्हणा.

ता. क. ४. पत्र पाकिटात घालण्याआधी बाईंनी ते भिंग लावून वाचलं आणि खाली लाल पेन्सिलीनं शेरा मारला आहे. तो खोडता येत नाही म्हणून तसाच पाठवतो:

'हकिकत खरी आहे. चुका चौतीस. कबुली पहिल्या ओळीत हवी होती, ती शेवटी लिहिली आहे. घड्याळजींनी भिंग न्यायला स्वतः यावे, शिंप्यांनाही आणावे, चहा मिळेल. शंभरपैकी पस्तीस. पास.'